तोंडातली नागीण : दाढ काढण्याआधी आणि फोड आल्यानंतर काय, कोणत्या क्रमानं करायचं

कमरेवर किंवा छातीवर नागीण उठली की घरातली मोठी माणसं एका नजरेत ओळखतात. तीच तोंडात उठली की ओळखायला आठवडा जातो. आधी दाढ ठणकते म्हणून दंतवैद्याकडे फेरी होते. मग फोड दिसतात, तेव्हा ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद आणि सब्जा सुरू होतो. पुढे मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल देतो. माणूस योग्य गोळ्यांपर्यंत पोचतो तोवर त्या गोळ्यांची सर्वांत उपयोगाची वेळ निघून गेलेली असते.

मी दातांचा डॉक्टर आहे. हा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की आता तो नीट लिहून काढणं भाग आहे.

समजून घ्यायचं एवढंच, की लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू पुढे मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली, की तो एखाद्या गाठीतून जागा होतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेपर्यंत येतो. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला तीन शाखा आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते. दुसरी गाल, वरचा ओठ, वरचे दात आणि टाळूकडे. तिसरी खालचे दात, खालचा ओठ, हनुवटी आणि जिभेच्या पुढच्या भागाकडे. दुसरी किंवा तिसरी शाखा विषाणूच्या तावडीत सापडली की नागीण तोंडात येते.

## टप्पा १ : दाढेवर बोट ठेवण्याआधी दुखण्याचा नकाशा काढा

फोड येण्याआधी साधारण एक ते चार दिवस नुसतं दुखतं. सगळा घोळ होतो तो या दिवसांत.

कागदावर चेहऱ्याचं साधं चित्र काढा आणि दुखतं तिथे खुणा करा. किडलेली दाढ बहुधा एका जागी दुखते, गार-गरम लागलं की कळ जाते, चावलं की जाणवतं. नागिणीचं दुखणं एका बाजूच्या तीन-चार दातांत एकदम असतं. दात सगळे धड दिसतात, एक्स-रे स्वच्छ येतो, तरी जबडा जळतो. मुख्य खूण वरच्या कातडीवर सापडते. दाढी करताना, तोंड पुसताना, पंख्याचा वारा लागला तरी गालाची आग होते. दाढेच्या दुखण्यात गालाची कातडी अशी हुळहुळी होत नाही.

साठीच्या एका काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची डावी वरची दाढ दोन दिवसांपूर्वी दुसरीकडे काढून झाली होती. ठणका तसाच होता. डाव्या गालावर कावेचा लेप वाळून त्याला तडे गेले होते, आणि त्या पदर गालापासून चार बोटं लांब धरून बसल्या होत्या.

“काकू, गालाला हात लावू का?”

“नको हो डॉक्टर, वारासुद्धा सोसत नाही. दाढ काढली तिथं दुखतंच नाहीये. सगळा गाल पेटलाय.”

तोंड उघडायला सांगून बॅटरी धरली. टाळूच्या डाव्या अर्ध्या भागावर फुटलेल्या फोडांचे बारीक चट्टे होते, काही एकमेकांत मिसळलेले, मध्ये करडे-पांढरे आणि कडेनं लालबुंद. टाळूच्या मध्यरेषेवर ते थांबले होते. उजवा अर्धा भाग गुलाबी, अगदी निरोगी. दाढ चांगली होती की किडकी, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

थांबा : एका बाजूचे अनेक दात दुखत असतील, सूज नसेल आणि एक्स-रेमध्ये कारण सापडत नसेल, तर दाढ काढण्याचा किंवा रूट कॅनलचा निर्णय तीन-चार दिवस लांबवा. दंतवैद्याला स्वतःहून विचारा, “हे नागिणीचं असू शकेल का?” मात्र गाल सुजला असेल, ताप असेल, पू येत असेल, तर तो दातातला जंतुसंसर्ग आहे असं धरून त्याच दिवशी दाखवा.

दुखऱ्या हिरडीला मिश्री किंवा तंबाखू लावू नका. आपल्याकडे बऱ्याच बायकांची मिश्रीची सवय दातदुखीतूनच सुरू झालेली असते. लवंगेचं तेल, चुना, तुरटी, हिरडीवर दाबून ठेवलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी, यानं आतली नाजूक त्वचा भाजते आणि पुढे फोड कुठले, भाजलं कुठे, हे डॉक्टरांनाही कळत नाही.

## टप्पा २ : बॅटरी, आरसा आणि मध्यरेषा

दुखणं सुरू झाल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ तोंडात पाहायचं. स्वतःला नीट दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणालातरी मोबाइलची बॅटरी धरायला सांगा. क्रम ठेवा, म्हणजे काही सुटत नाही : ओठाच्या आत, गालाच्या आत, वरची हिरडी, टाळू, जीभ वरून आणि दोन्ही कडांनी, जिभेखाली, खालची हिरडी. मग बाहेरून हनुवटी, गाल, नाकाचा शेंडा, कान आणि कानामागे. कवळी असेल तर ती आधी काढा. टाळूवरचे चट्टे कवळीखाली लपतात आणि ‘कवळी लागते’ म्हणून आठवडाभर दुर्लक्ष होतं.

तोंडातले फोड अखंड क्वचितच दिसतात. ते काही तासांतच फुटतात आणि उथळ, दुखरे व्रण उरतात. त्यामुळे ‘फोड तर नाहीत’ म्हणून नागीण नाही असं ठरवू नका.

नेहमीचं तोंड येणं वेगळं. ते बहुधा ओठाच्या, गालाच्या किंवा जिभेच्या मऊ भागावर येतं, दोन्ही बाजूंना येऊ शकतं आणि त्याआधी जबडा दोन दिवस जळत नाही. टाळूचा कडक भाग आणि दाताला घट्ट चिकटलेली हिरडी इथे ते सहसा येत नाही.

आता त्या भीतीबद्दल. ‘नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो’ असं म्हणतात. डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगवेगळे असतात, म्हणून नागीण मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. तिला थांबवणारा कावेचा लेप नसतो, शरीराची रचना असते. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड आले तर जीव त्या ‘वेढ्या’नं जात नाही. पण प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असते, आणि त्यासाठी रुग्णालय गाठावं लागतं.

तपासा : एकच बाजू? मध्यरेषेवर थांबलंय? फोडांआधी दुखत होतं? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा टप्पा आजच, उद्यावर नको.

## टप्पा ३ : वेळ लिहा, कागद गोळा करा

पहिला चट्टा किंवा फोड दिसला ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा. विषाणूविरोधी गोळ्या त्यानंतरच्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा फायदा सर्वांत चांगला होतो. दुखणं कधी सुरू झालं तेही लिहा, पण ७२ तास मोजायचे ते फोडांपासून.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी आणि साखरेचे अलीकडचे आकडे न्या. क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर तो विसरू नका, कारण या गोळ्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा कमी करावी लागते. संधिवातासाठी स्टेरॉइड, कर्करोगाची औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. गर्भवती असाल तरी तसंच.

चट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत चट्ट्यांच्या रूपात फरक पडतो, आणि रांगेत बसलेल्या माणसाला तोंड नीट उघडवत नाही.

## टप्पा ४ : कुणाकडे जायचं

फॅमिली डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ, फिजिशियन किंवा दंतवैद्य, यांपैकी जो आज भेटेल त्याच्याकडे जा. उपचार सुरू करायला तज्ज्ञाची वाट पाहू नका. बहुतेकदा नुसत्या पाहण्यावरून निदान होतं. शंका असेल तर चट्ट्यातला स्राव घेऊन पीसीआर चाचणी करतात, पण रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या थांबवायच्या नसतात. तरुण वयात नागीण उठली तर डॉक्टर साखर आणि एचआयव्हीची तपासणी सांगू शकतात. त्यात संकोच धरू नका.

पुढचं काही दिसलं तर मात्र थेट रुग्णालय :

- नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड, डोळा लाल, अंधुक दिसणं. नाकाच्या शेंड्याकडे आणि डोळ्याकडे जाणारा मज्जातंतू एकाच शाखेचा आहे, म्हणून नाकावर फोड दिसला की डोळे दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.
- कानात फोड, चेहरा एका बाजूला वाकडा, पापणी मिटत नाही, चक्कर, ऐकू कमी येणं, चव गेलेली. ही वेगळ्या मज्जातंतूची नागीण आहे. तीही टाळूवर आणि जिभेवर फोड आणते.
- तेज डोकेदुखी, मान ताठ, बरळणं.
- पाणीसुद्धा गिळता न येणं.

चेहरा वाकडा झाला आणि त्याबरोबर हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर नागिणीवर ढकलू नका. तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा.

## टप्पा ५ : गोळ्या, आणि त्यातल्या चुका

सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी नेहमीची मात्रा अशी असते : असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, किंवा फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा. मुदत साधारण सात दिवस. कोणती आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील. आकडे देण्याचं कारण इतकंच, की तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता यावं.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे अर्धी मात्रा. ओठावरच्या साध्या फोडांसाठी असायक्लोव्हिर कमी मात्रेत देतात, आणि घरात उरलेल्या किंवा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या त्याच हिशेबानं घेतल्या जातात. नागिणीला ती मात्रा पुरत नाही. दुसरी चूक पाच वेळांची. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. दुपारी दोनची गोळी हमखास चुकते, म्हणून तिचा गजर लावा. पाच वेळा जमणारच नसेल तर डॉक्टरांना तीन वेळांची गोळी मागा. ती महाग पडते, पण चुकत नाही.

प्रत्येक गोळीबरोबर भरलेला पेला पाणी प्या आणि दिवसभर पाणी पीत राहा. तोंड दुखतं म्हणून पाणी तोडलं की मूत्रपिंडावर भार येतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल तर किती प्यायचं ते आधी विचारा. म्हातारं माणूस गोळ्या सुरू झाल्यावर गुंगीत गेलं, भलतंच बोलू लागलं, तर ‘दुखण्यानं झालंय’ म्हणू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

असायक्लोव्हिरचं मलम नागिणीवर गोळ्यांची जागा घेत नाही, आणि तोंडाच्या आत तर ते लावायचंच नाही. तोंड आल्यावर देतात ती स्टेरॉइडची पेस्टसुद्धा इथे नको. विषाणूच्या व्रणावर ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये.

दुखण्यावर पॅरासिटामॉलनं सुरुवात होते. बाजारातल्या कित्येक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक एकत्र असतं. वेगळी पॅरासिटामॉल आणि वर अशी जोडगोळी घेतली की मात्रा दुप्पट होते, शिवाय डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला जड. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

तपासा : ७२ तास उलटून गेलेत? तरी जा. नवे फोड येतच असतील, नागीण डोळ्यापर्यंत पोचली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर उशिरानंही गोळ्या देतात.

## टप्पा ६ : तोंडाची रोजची निगा

इथे माणसं कंटाळा करतात. दुखरी बाजू घासणं बंद होतं, तिथे अन्न साचतं, हिरडी सुजते आणि व्रणांत दुसरे जंतू शिरतात. क्रम असा ठेवा.

1. हात साबणानं धुवा, आधी आणि नंतर. तोंडातलं बोट डोळ्याला लागता कामा नये.
2. अर्धा चमचा मीठ पेलाभर कोमट पाण्यात. घोट तोंडात घ्या, मान दुखऱ्या बाजूला कलवा, अर्धा मिनिट धरा, सोडून द्या. खळखळून गुळण्या नकोत. दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर.
3. लहान मुलांचा अतिमऊ ब्रश आणा, गरम पाण्यात बुडवून आणखी मऊ करा. पेस्ट वाटाण्याएवढी, पुदिन्याची झणझणीत नको. आधी निरोगी बाजू, मग दुखरी. चट्ट्यावर ब्रश न्यायचा नाही, पण दात सोडायचे नाहीत.
4. ब्रशनंतर निदान अर्धा तास थांबून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रवानं चूळ, डॉक्टरांनी सांगितली असेल तर. पेस्टबरोबर लगेच घेतलं तर त्याचा असर कमी होतो. अल्कोहोल नसलेलंच घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस परस्पर चालू ठेवलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बदलते.
5. बधिर करणारं लिडोकेनचं जेल दिलं असेल तर कापसाच्या काडीनं फक्त चट्ट्यावर लावा, घशाकडे नको. बधिर बाजूला चहाचा चटका कळत नाही आणि गाल चावला गेला तरी समजत नाही. चहा आधी दुसऱ्या बाजूच्या ओठाला लावून पाहा.

कवळी चट्टे भरेपर्यंत बाहेरच राहू द्या. जेवणापुरती लावावीच लागली तर लगेच काढून, घासून, पाण्यात ठेवा. दात भरून घेणं, दात साफ करून घेणं, कवळीचं माप, ही सगळी कामं फोड भरेपर्यंत पुढे ढकला.

## टप्पा ७ : खाणं

गार किंवा कोमट, मऊ, बेचव नको पण तिखटही नको. मऊ दहीभात, पातळ मुगाची खिचडी, पेज, थंड केलेली नाचणीची आंबील, ताक, केळं कुस्करून दूध, मऊ उकडलेलं अंडं. भाकरी दुधात कुस्करून चालते, कडक पापुद्रा काढून टाका. चिवडा, पापड, टोस्ट, लिंबू, टोमॅटो, चिंचेची आमटी पंधरा दिवस नको. मधुमेह असेल तर पेज आणि केळ्यावर दिवस काढू नका, साखर चढते. डाळ, अंडं, पनीर मऊ करून घ्या.

वजन उतरायला लागलं किंवा लघवी गडद होऊन कमी झाली, तर खाणं-पिणं पुरत नाही हे समजा.

## टप्पा ८ : घरातली माणसं

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र फोडातल्या पाण्यातून, ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. फोड तोंडात असले की उष्टं टाळायचं. पेला, चमचा, टॉवेल वेगळा. आजीनं आपल्या ताटातला घास नातवाला भरवणं आणि पापे घेणं, दोन्ही व्रण भरेपर्यंत आणि बाहेरच्या फोडांवर खपली धरेपर्यंत बंद. कांजिण्या न झालेली गर्भवती सून, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं माणूस घरात असेल तर त्यांना दूरच ठेवा. संपर्क आधीच झाला असेल तर त्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. त्यांना वेळेत देता येणारे उपाय आहेत.

वेगळ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. आजारी माणसाला दुखण्याइतकंच एकटेपणही छळतं.

## टप्पा ९ : फोड भरल्यावर

तोंडातले व्रण साधारण दोन आठवड्यांत भरतात, बाहेरच्या खपल्या दोन ते चार आठवड्यांत पडतात. तीन आठवडे उलटूनही तोंडातला एखादा व्रण भरला नसेल तर तो नागिणीचा मानू नका. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असेल तर त्या आठवड्यातच दाखवा आणि सांगितलं तर तुकडा काढून तपासून घ्या.

काहींचं दुखणं मात्र मागे राहतं. तीन महिन्यांनंतरही जळजळ, चमका, झिणझिण्या चालू असतील तर तो मज्जातंतूला झालेल्या इजेचा ठणका आहे. साठीनंतर त्याचा धोका वाढतो. साध्या वेदनाशामकांनी तो जात नाही. त्यावर गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं लहान मात्रेपासून चढवत नेतात. सुरुवातीला झोप येते, तोल जातो, म्हणून रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. असर दिसायला काही आठवडे लागतात आणि औषध एकदम बंद करायचं नसतं. तीन महिने पूर्ण होण्याची वाट पाहत सोसत बसू नका. महिनाभरानंतरही झोपमोड होत असेल तर तेव्हाच बोला.

थांबा : या ठणक्यासाठी दात काढू नका. एक काढला की दुखणं शेजारच्या दातात ‘सरकल्यासारखं’ वाटतं, मग तो काढला जातो. अशा तीन निरोगी दाढा गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ठणका त्यांच्याबरोबर तसाच राहिला होता.

दातांना खरोखर इजा होऊ शकते, पण ती वेगळी दिसते. नागीण झालेल्या बाजूचा एखादा दात महिन्यांनंतर करडा पडतो, म्हणजे आतली नस मेलेली असते. क्वचित जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, दात हलायला लागतात, हिरडीतून पिवळट हाड उघडं दिसतं. म्हणून फोड भरल्यावर एकदा, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं त्या बाजूचे दात तपासून घ्या. दंतवैद्य नवा असेल तर नागीण कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात झाली होती, ते आवर्जून सांगा.

## टप्पा १० : लस

नागिणीची शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतरच्या सर्वांसाठी, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी ती आहे. दोन डोस, मधलं अंतर दोन ते सहा महिने. जिवंत विषाणू त्यात नाही. सरकारी लसीकरणात ती नसल्यानं खर्च स्वतःच करावा लागतो, आणि तो मोठा आहे. घरात सगळ्यांना एकदम जमत नसेल तर मधुमेह असलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या ज्येष्ठांपासून सुरुवात करा.

उठलेली नागीण या लसीनं बरी होत नाही. आधी आजार पूर्ण ओसरू द्या, मग डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा. एकदा झाली म्हणून पुन्हा होणार नाही, असं नसतं, म्हणून होऊन गेलेल्यांनाही लस देतात. दंड दुखणं, अंग मोडून येणं, दोन-तीन दिवस कणकण हे अपेक्षित आहे. त्याला भिऊन दुसरा डोस चुकवणारे पुष्कळ असतात, तेव्हा पहिल्या डोसच्या दिवशीच दुसऱ्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

काकूंचा ठणका उतरायला पाच महिने लागले. गेल्या खेपेला त्या लसीचा दुसरा डोस घेऊन थेट माझ्याकडे आल्या, दंड चोळत, आणि खुर्चीत बसता बसता त्यांनी पदर गालाला टेकवला.